शिपाई लक्ष्मण धोंडू, नंबर?

या पानावरचे अनुभव मी गेली कित्येक वर्षं नेमाने वाचतो, पण हसण्यासाठी. हे आधीच कबूल केलेलं बरं. कुणाला घाटात पांढरी साडी दिसते, कुणाच्या मागून पैंजण वाजत येतात... आणि खाली माझी कॉमेंट असते, 'ताई, बीपी तपासून घ्या.' त्या सगळ्या ताईंची आज माफी मागतो. पैंजण मला अजूनही पटलेले नाहीत, पण कॉमेंट टाकणं मी बंद केलं आहे.

मी रसायनीला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आहे. तिथे पीएच सात म्हणजे सात. कुणाला काय 'जाणवलं' याला आमच्या रजिस्टरमध्ये रकाना नाही. त्यात आमचं घर बौद्ध. आजीने छप्पन साली देव सोडले, तेव्हा भुताखेतांनाही त्याच गाठोड्यात बांधून नदीत सोडलं, असं माझे वडील सांगायचे. त्यामुळे लहानपणी आम्हाला भीती घालायला घरात कुणी उरलंच नव्हतं. फक्त वडील होते, आणि ते पुरेसे होते.

तर गोष्ट माझ्या आजोबांची आणि जनाआत्याची.

आजोबांचं नाव लक्ष्मण धोंडू. पुढे आडनाव नाही. आमच्या लोकांना पलटणीत घेताना तेव्हा नाव आणि बापाचं नाव लिहायचे, विषय संपला. आडनावाची भानगड पुढे शाळेने लावली. खालापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून (नाव देत नाही, मला तिथे अजून लग्नाकार्याला जायचं असतं) आजोबा दुसऱ्या महायुद्धात शिपाई म्हणून गेले. माझे वडील तेव्हा चार वर्षांचे होते आणि जनाआत्या आजीच्या पोटात. मधे कधीतरी एक तार आली. मास्तरांनी ती वाचून दाखवली, 'लक्ष्मण गेला,' एवढंच सांगितलं. पुढे लढाई संपल्यावर तालुक्याहून एक माणूस आला, त्याने आजीचा अंगठा घेतला आणि तिच्या हातात एक डबी ठेवली. डबीत चांदीचं शौर्यपदक. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. आजीला वाचता येत नव्हतं आणि त्या माणसाला समजावून सांगायला सवड नव्हती. आजीने तार आणि डबी यांची आपल्या मनाने गाठ घातली – नवरा लढता लढता गेला, आणि जाताना काहीतरी मोठं करून गेला.

पदक देव्हाऱ्यात गेलं, चांदीच्या टाकांच्या शेजारी. टाकांबरोबर राजाच्या कपाळालाही हळदकुंकू. छप्पन साली बाकी सगळे देव उठले तेव्हा लोकांनी आजीला विचारलं, हा गोल देव का ठेवलास? आजी म्हणाली, "हा देव नाय, हा नवरा हाय." संपलं. देव्हारा रिकामा झाला, पदक राहिलं.

आजीमागे ते जनाआत्याकडे आलं. तिच्या थोरल्या भावाने, म्हणजे माझ्या वडिलांनी, बाप चार वर्षं तरी पाहिला होता. आत्याने पाहिलाच नव्हता. म्हणून पदक तिचं, असा आजीचा न्याय. आत्याचे यजमान भिवपुरीच्या पॉवरहाऊसमध्ये होते, सगळा संसार तिथल्या क्वार्टरमध्ये झाला. मूलबाळ नाही. आता ती ब्याऐंशी वर्षांची आहे आणि कर्जतला आमच्याकडे राहते. पदक दर आठवड्याला चिंच आणि राख लावून घासायचं हा तिचा नेम. लहान मुलाला न्हाऊ घालावं तसं घासायची... कान सोडून, कारण पदकाला कान नसतात.

आणि मी? मी घरातला गोष्टी सांगणारा. कुठल्याही लग्नात पोरं जमली की आजोबांची गोष्ट माझ्याकडे. पहिल्यांदा सांगितली तेव्हा आजोबांनी एका जखमी साहेबाला पाठीवर टाकून आणलं होतं. मागच्या लग्नापर्यंत दोन साहेब आणि एक मशीनगन झाली होती. संगीता – माझी बायको – म्हणाली, पुढच्या वेळी रणगाडा आणा, पण उचलताना पाठ सांभाळा.

दोन वर्षांपूर्वी गावातल्या तरुण मंडळाने वेशीवर कमान बांधायचं ठरवलं. कमानीवर आजोबांचं नाव, उद्घाटनाला माझं भाषण. मी भाषण लिहिलं आणि जाकीटही शिवायला टाकलं. मंडळाने मोबाइलवर निमंत्रण फिरवलं, ते फिरत फिरत लोधिवलीला पोचलं, आणि मला फोन आला.

विलास नावाचा माणूस, शाळेत शिक्षक. फार अदबीने बोलला. म्हणाला, "सर, लक्ष्मण धोंडू आमचे आजोबा. ते पदक त्यांना जाहीर झालं होतं."

"पदक आहे का तुमच्याकडे?" मी विचारलं.

"नाही. कधी आलंच नाही."

"आमच्याकडे आहे," मी म्हणालो. आणि खरं सांगतो, कॅरमची राणी घेतल्यासारखं वाटलं मला.

तो भांडला नाही. उलट त्यानेच सांगितलं की असल्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. नंबर बघा, पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला कळवा, जे निघेल ते निघेल. मी फोन ठेवला, लॅबमधून भिंग आणलं आणि पदकाची कड बघितली.

कड साबणाच्या वापरलेल्या वडीसारखी गुळगुळीत. आजीची दहा-पंधरा वर्षं आणि आत्याची पुढची सगळी, दर आठवड्याला चिंच आणि राख. नाव पुसट, अर्धं लागत होतं. नंबर साफ गेला होता. ज्या एका गोष्टीवरून हे कुणाचं ते कळलं असतं, तीच आमच्या घरातल्या बायांनी मायेने घासून काढली होती. आत्या माझ्याकडे बघत बसली होती. म्हणाली, "काळं पडू द्यायचं व्हतं का मग?"

मी नंबराशिवायच पत्र लिहिलं. उत्तर आलं की या नावाचे बरेच शिपाई आहेत, जुनी नोंद गावावरून शोधता येत नाही, नंबर कळवावा. मंडळाने कमानीचं काम थांबवलं. माझी पंचाईत भाषणाची होती, पण आत्याची तशी नव्हती. तिने एकदा भाजी निवडता निवडता मला जवळ बसवलं.

"सुभ्या, बाप मी बगितला नाय. ह्येच बगितलं. ह्ये बी दुसऱ्याचं निघालं, तर माजं काय रायलं रं?"

मी म्हणालो, दुसऱ्याचं कसं निघेल, आपल्याकडे आहे म्हणजे आपलंच. रोज लॅबमध्ये पुराव्याशिवाय सही न करणारा माणूस मी.

आता मुख्य गोष्ट. कर्जत, आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, हॉल. रविवार, दुपारचे पावणेतीन. पंखा तीनवर. खिडकीतून स्वच्छ ऊन आत आलेलं, खाली कुणाचा तरी टेंपो रिव्हर्स घेताना टूंटूं करत होता. आत्या जेवून तिच्या खाटेवर झोपली होती, मी टेबलापाशी भिंग घेऊन चौथ्यांदा की पाचव्यांदा ती कड चाचपत होतो. फोनवर कॅल्क्युलेटर उघडा होता, कारण त्याआधी मी पाण्याच्या टाकीचे लिटर काढत होतो. कंटाळा आला. आणि कंटाळ्यात माणूस जसा काहीतरी चाळा करतो, तसा मी कवायतीच्या साहेबाच्या आवाजात मोठ्याने म्हणालो, "शिपाई लक्ष्मण धोंडू... नंबर?"

आत्याने नंबर सांगितला.

डोळे मिटलेले. आवाज तिचाच – घोगरा, पुरुषी वगैरे काही नाही, निराशा झाली असेल तर क्षमा करा. एकेक आकडा सुटा, हिंदीत, न अडखळता. आत्या जन्मभर सहाला 'सा' म्हणत आली, त्या दिवशी 'छे' म्हणाली. सांगून झालं आणि तिचा श्वास पुन्हा झोपेतल्यासारखा लागला.

हात आपोआप हलला आणि मी आकडे कॅल्क्युलेटरवर दाबले. मग, केमिस्टची सवय... एका रीडिंगवर विश्वास ठेवायचा नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच आकडे, त्याच क्रमाने. तेवढ्यात संगीता स्वयंपाकघरातून हात पुसत आली, कुणाशी बोलताय विचारत. मी तिला गप्प राहायची खूण केली आणि तिसऱ्यांदा विचारलं. आत्याने तिसऱ्यांदा सांगितलं. संगीताने माझ्या फोनवरचे आकडे बघितले, आत्याकडे बघितलं आणि आत जाऊन गॅस बंद करून आली.

लोक विचारतात, घाबरलास का? नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतो, मग गालावर स्वतःचा हात ठेवला तरी दुसऱ्या कुणाचा गाल वाटतो, तसं झालं होतं. आत्या चार वाजता उठली, चहा प्यायली. तिला काहीच माहीत नव्हतं. मी सहज विचारलं, आत्या, तुझा मोबाइल नंबर काय गं? म्हणाली, "मागं चिकटवलाय की तू. बग." स्वतःचा नंबर येत नाही तिला. आम्ही दोघांनी तिला काही सांगितलं नाही, आणि गंमत म्हणजे एकमेकांशीही त्यावर बोललो नाही. रात्री जेवताना संगीता एवढंच म्हणाली, पाठवून बघा.

पाठवला. सोबतच्या फॉर्मवर 'माहितीचा स्रोत' असा रकाना होता. त्यात मी 'कौटुंबिक' लिहिलं.

दीड-दोन महिन्यांनी पत्र आलं. सदर नंबरचा शिपाई लक्ष्मण धोंडू. गाव – आमचं. तालुका खालापूर. वारस म्हणून पत्नी, नाव भागीरथी. भागीरथी माझी आजी. म्हणजे आत्याने झोपेत सांगितलेला नंबर शंभर टक्के आजोबांचा होता.

त्याच्या खाली दोन ओळी होत्या. आघाडीवर पोचण्यापूर्वी पूर्वेकडच्या लष्करी रुग्णालयात तापाने मृत्यू. पदक – नाही. आणि मी पहिल्या पत्रात पदकाचं वर्णन लिहिलं होतं म्हणून कुणीतरी आपुलकीने जास्तीची माहिती दिली होती – शौर्यपदक त्याच नावाच्या दुसऱ्या शिपायाला, नंबर वेगळा, गाव लोधिवली, युद्ध संपल्यावर सेवामुक्त. तालुका तोच, नाव तेच, बापाचं नाव तेच. डबी घेऊन निघालेला माणूस चुकीच्या गावात आला होता.

पत्र मी नव्या जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि जाकीट कपाटात. फक्त माझ्याकडे होतं ते. विलासला त्याच्या आजोबांचा नंबर माहीत नव्हता, मंडळाला कमान हवी होती, आत्याला बाप हवा होता. फाडलं असतं तर सगळे सुखात राहिले असते, माझ्या भाषणासकट. आठ दिवस मी कपाट उघडताना जाकिटाकडे बघत नव्हतो. चोपन्नाव्या वर्षी माणूस एका जाकिटाला घाबरतो, हे मला नवीन होतं.

नवव्या दिवशी आत्याच म्हणाली, "पत्र आलंय न्हवं? आठ दिस जेवताना बोलला नायस तू. तू गप जेवतोस म्हंजी कायतरी वंगाळ हाय."

वाचून दाखवलं. सगळं. फक्त नंबर कुठून मिळाला ते सांगितलं नाही, आजतागायत सांगितलेलं नाही. ती खाटेवर पाय खाली सोडून बसली होती. मी मशीनगन, साहेब, सगळं मनातल्या मनात परत घेत होतो.

"लढाईत नाय?" तिने विचारलं.

"नाही आत्या. तिथं पोचलेच नाहीत."

"दवाखान्यात व्हता म्हंतोस. खाटंवर?"

"खाटेवरच असणार."

मला वाटलं आता रडेल, आणि मी उगीचच पाण्याचा तांब्या जवळ ओढला. ती रडली नाही. म्हणाली, "मी आजपत्तुर त्याला चिखलात पडलेला बगत व्हते. येकटा." मग थोड्या वेळाने, "दवाखान्यात व्हता म्हंजी पानी पाजलं असंल कुनीतरी."

मी म्हणालो, असेल.

"त्यांचं त्यांना देऊन येऊ. तुला सुट्टी कवा हाय?"

कर्जतहून चौक गाव आणि तिथून जुन्या हायवेने लोधिवली, फार लांब नाही. विलास दारातच उभा होता. जयभीम झाला, खुर्च्या आल्या. आत पलंगावर त्याचे वडील बसले होते – दामूकाका, पदक ज्याचं त्याचा मुलगा, आता सत्तरीच्या पुढचे. आत्याने पिशवीतून डबी काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. विलास फोन काढून फोटो घेणार होता, त्याने तो परत खिशात ठेवला.

दामूकाका डबीकडे बघतच बोलायला लागले. त्यांचे वडील लढाईवरून आले ते पुढे हायवेच्या कामावर खडी फोडायला. साहेबाने सगळ्या पलटणीसमोर सांगितलं होतं म्हणे, तुला पदक मंजूर झालंय, घरी येईल. ते वाट बघत राहिले. गावात सांगून बसले होते, आणि पदक काही येईना. मग लोकांनी त्यांचं नावच 'मेडल' ठेवलं. मेडल, पाटी उचल. मेडल, पाणी आण. शाळेत दामूकाका 'मेडलचा पोरगा'.

"आठरा वर्साचा व्हतो," ते म्हणाले. "चार मानसं बसली व्हती वट्यावर. म्या त्यांच्याम्होरं बापाला बोललो, बास करा आता ती खोटी मेडलं. त्यानंतर त्यानं कंदी नाव काडलं नाय. मरस्तवर नाय."

हे त्यांनी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मग डबी उघडली. पदक बाहेर काढून उजेडाकडे धरलं, उलटंसुलटं केलं, कडेवरून अंगठा फिरवला.

"नाव कुठाय?"

आत्या म्हणाली, "माज्या हातानं झिजलं, भाऊ. बापाचं म्हनून घासलं."

मी जमिनीकडे बघितलं. विलासने जमिनीकडे बघितलं. फरशी चांगली होती.

दामूकाका म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, ताई. आमच्याकडं असतं तर पाताळगंगेत गेलं असतं. दोन डाव घर भरलं पुरात." आणि त्यांनी पदक रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकलं. आम्ही चहा घेतला, बिस्किटं खाल्ली, पावसाबद्दल बोललो. निघेपर्यंत त्यांचा हात त्या खिशावरच होता. परत येताना गाडीत आत्या झोपली. मी रेडिओ लावला, काय लागलं होतं ते आठवत नाही.

आमच्या गावची कमान झाली नाही. तापाने गेलेल्या शिपायाची कमान बांधत नसावेत. लोधिवलीकर बांधणार आहेत असं ऐकतो. विलासने मला भाषणाला बोलावलंय, मी अजून हो म्हटलेलं नाही.

आता स्पष्टीकरण. मी शोधलं, मन लावून शोधलं. आजी नंबर पुटपुटत असेल आणि तो लहानपणी आत्याच्या कानावर पडला असेल? आजीला वीसच्या पुढे मोजता येत नव्हतं, आणि हिंदीतला तर एकही आकडा येत नव्हता. आजोबांचा एखादा कार्ड-कागद घरात होता? तार वाचणाऱ्या मास्तरांनंतर आमच्या घरात वाचणारा पहिला माणूस माझे वडील, आणि त्यांनी असा कागद पाहिला नव्हता. पाहिला असता तर आम्हाला पाढ्यासारखा पाठ करायला लावला असता. माझ्याच डोक्यात कुठूनतरी नंबर होता आणि मी तो ऐकला असं वाटलं? मग संगीताने काय ऐकलं? आणि समजा, आजोबाच बोलले. मी ते मानत नाही, पण समजा. तर ज्या नंबराने लेकीच्या हातातलं एकुलतं एक काढून घेतलं, तोच नंबर त्यांनी लेकीच्याच तोंडून का सांगावा? लॅबमध्ये असा रिझल्ट आला असता तर मी नमुना दूषित म्हणून फेकून दिला असता. इथे काय फेकायचं तेच कळत नाही.

रेकॉर्ड ऑफिसला मी अजून एक पत्र टाकलं आहे. आत्याला जाणून घ्यायचं आहे ते दवाखान्याचं – कुठला वॉर्ड, शेजारी कोण होतं, शेवटी जवळ कुणी होतं का. त्याचं उत्तर आलेलं नाही. इतक्या वर्षांनी येईल असं मलाही वाटत नाही. आत्या मात्र पोस्टमन दिसला की बघते माझ्याकडे.

म्हणून हल्ली संगीता बाहेर गेली असेल तेव्हा, दुपारी आत्याला झोप लागली की मी खुर्ची ओढून तिच्या खाटेपाशी बसतो. बी.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. साहेबाचा आवाज आता काढत नाही, हळूच विचारतो. "शिपाई लक्ष्मण धोंडू, पाणी मिळालं का?"

उत्तर येत नाही. आत्या घोरते. मी थोडा वेळ तसाच बसतो आणि मग उठून चहा टाकतो.